भूक कमी झाली, वजन उतरलं: किडनीच्या रुग्णाने खूश व्हावं की सावध?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४८, पुरुष, उंची १७२ सेंमी, वजन १०८ किलो, मधुमेह १० वर्षांचा. रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनीने बाहेर टाकायचा कचरा) १.६, ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती मिली गाळते याचा अंदाज) ५३, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून प्रथिन किती गळतं याचं माप) ४८०. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय आणि भूक कमी करणारं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुचवलंय. पण वाचनात दोन गोष्टी आल्या. डायलिसिसवरची जाड माणसं बारीक माणसांपेक्षा जास्त जगतात, ही एक. किडनी बिघडली की भूक आपोआप मरते आणि त्यामागे लेप्टिन नावाचं हॉर्मोन आहे, ही दुसरी. 'मग मी वजन उतरवायचं की जपायचं?'

तुमच्या आजच्या आकड्यांवर उत्तर सरळ आहे: उतरवायचं. पण तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टीही खऱ्या आहेत. घोळ 'वजन' या शब्दात आहे. काट्यावरचा आकडा म्हणजे चरबी, स्नायू आणि पाणी यांची बेरीज. किडनीच्या आजारात हे तिन्ही एकाच वेळी, वेगवेगळ्या दिशांना बदलू शकतात. भुकेचंही तसंच. औषधाने कमी झालेली भूक आणि किडनी थकल्यामुळे मेलेली भूक जेवताना सारखीच वाटते, पण पहिली उपचाराचा भाग आहे आणि दुसरी आजाराचं लक्षण. तेव्हा खरा प्रश्न असा की आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, नेमकं काय कमी होतंय, आणि ते ओळखायचं कसं.

आधी चरबी किडनीला काय करते ते पाहू. शरीर मोठं झालं म्हणून गाळण्या वाढत नाहीत. एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या धरतात, माणसागणिक यात खूप फरक असतो, आणि जन्मानंतर नवीन तयार होत नाहीत. मग आहे त्या प्रत्येक गाळणीला जास्त रक्त गाळावं लागतं. लठ्ठपणात गाळणीनंतरच्या नळीच्या पहिल्या भागातच मीठ जास्त शोषलं जातं. पुढच्या 'मीठ-मोजणाऱ्या' पेशींपर्यंत ते कमी पोचतं, त्यांना वाटतं गाळण कमी पडतंय, आणि त्या गाळणीत रक्त आणणारी वाहिनी सैल सोडतात. गाळणीतला दाब वाढतो, गाळणी फुगते. तिच्यावर बाहेरून बोटं रोवून बसलेल्या पोडोसाइट पेशी विभागून वाढू शकत नाहीत. फुगलेल्या फुग्यावर चिकटवलेल्या कागदासारख्या त्या ताणल्या जातात, सुटतात, आणि सुटल्या जागेतून प्रथिन गळतं. पुढे तिथे व्रण धरतो.

हे अतिगाळण किती असतं? अती लठ्ठ व्यक्तींच्या एका छोट्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर वजन उतरल्यावर गाळण मिनिटाला सुमारे १४५ मिलीवरून ११० वर आलं. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

लोकसंख्येच्या पातळीवरही चित्र तसंच. अमेरिकेत ३ लाख २० हजारांहून अधिक लोकांचा मागोवा घेणाऱ्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३५ ते ३९.९ असणाऱ्यांना किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका सामान्य वजनाच्या लोकांच्या सुमारे ६ पट निघाला. तुमचा बीएमआय ३६.५ आहे. एक किडनी काढलेल्या ७३ जणांचा स्पेनमधला अभ्यास मला याहून बोलका वाटतो. त्यातल्या १४ लठ्ठ रुग्णांपैकी १३ जणांना पुढे प्रथिनगळती किंवा किडनीची कमजोरी आली, तर बाकीच्या ५९ पैकी फक्त ७ जणांना. गाळण्या निम्म्या आणि शरीर मोठं, हे गणित किडनीला झेपत नाही.

आता दिलासा देणारी बाजू. प्रथिन गळणाऱ्या जाड रुग्णांवरच्या, २००३ सालच्या एका प्रयोगात आहारातून वजन सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास उतरलं आणि प्रथिनगळती सुमारे ३१ टक्क्यांनी घटली. म्हणजे तुमच्याबाबतीत बोलायचं तर साडेचार किलो. '३० किलो उतरवल्याशिवाय उपयोग काय' असं म्हणून हात टेकणाऱ्या प्रत्येकाला मी हा आकडा सांगतो.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमची प्रथिनगळती मधुमेहामुळे, लठ्ठपणामुळे की तिसऱ्याच कशामुळे, हे तुम्ही दिलेल्या माहितीवरून ठरत नाही. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा असतील तर किडनीतही मधुमेहच असण्याची शक्यता वाढते. लठ्ठपणामुळे येणाऱ्या आजारात प्रथिन सावकाश वाढत जातं, आणि ते बरंच जात असूनही अंगावर सूज नसते, रक्तातलं अल्ब्युमिनही बऱ्यापैकी टिकून असतं. उलट प्रथिन काही आठवड्यांत एकदम वाढलं असेल, लघवीत रक्तपेशी असतील, किंवा क्रिएटिनिन झपाट्याने चढत असेल, तर वजनाचा विषय बाजूला ठेवून आधी कारण शोधायचं. तिथे बायोप्सी लागू शकते.

आता लेप्टिनकडे येऊ. उंदरांची एक जात खात सुटायची आणि फुगायची. डग्लस कोलमन यांनी अशा उंदरांचा रक्तप्रवाह दुसऱ्या उंदरांशी जोडून पाहिला आणि भूक आवरणारं काहीतरी रक्तातून फिरतं असा निष्कर्ष काढला. ते 'काहीतरी' १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने जनुकासह शोधून काढलं. तेच लेप्टिन. ते चरबीच्या पेशी तयार करतात. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळवतं की साठा भरलेला आहे. तिथे दोन प्रकारच्या चेतापेशी समोरासमोर असतात. एक गट अल्फा-एमएसएच सोडतो, ते एमसी-४ नावाच्या ग्राहीवर (पेशीवरच्या, निरोप झेलणाऱ्या रेणूवर) बसतं आणि भूक मिटते. दुसरा गट एजीआरपी सोडतो, तो त्याच ग्राहीची वाट अडवतो आणि भूक पेटते. लेप्टिन पहिल्याला चेतवतं, दुसऱ्याला दाबतं.

मग जाड माणसाला भूक कमी का लागत नाही? चरबी जास्त, म्हणून लेप्टिनही जास्त, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो. म्हणूनच लेप्टिन टोचून लठ्ठपणा बरा करण्याची आशा फोल ठरली. ज्यांच्यात जन्मतःच लेप्टिन तयार होत नाही अशा मोजक्या रुग्णांत मात्र ते फार गुणकारी ठरलं.

किडनी या गोष्टीत कुठे येते, तर लेप्टिनची विल्हेवाट लावण्यात. हे छोटं प्रथिन आहे, ते गाळणीतून खाली उतरतं आणि नळीच्या पेशी ते गिळून मोडतात. गाळण घटलं की ते रक्तात साठतं. रॉबर्ट मॅक आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेले उंदरांवरचे प्रयोग याबाबत महत्त्वाचे आहेत. किडनीचा बराचसा भाग काढलेले साधे उंदीर कमी खाऊ लागले, त्यांचं मांस झडलं. पण ज्यांच्यात लेप्टिनची ग्राहीच निकामी होती, ते या झिजेतून बऱ्यापैकी बचावले. ज्यांच्यात एमसी-४ ग्राही नव्हती तेही. साध्या आजारी उंदरांच्या मेंदूत एजीआरपी सोडल्यावर त्यांची भूक आणि वजन सुधारलं. म्हणजे आजारी किडनीमुळे मरणारी भूक ही निव्वळ 'पोटात आग नाही' अशी तक्रार नसते. मेंदूतला भूक मिटवणारा तोच रस्ता किडनीच्या आजारात गरज नसताना उघडा पडलेला असतो.

सगळा दोष लेप्टिनच्या माथी मारण्यात मात्र अर्थ नाही. किडनी मंदावते तेव्हा जठर उशिरा रिकामं होतं, रक्त आम्लधर्मी होतं, दाह वाढवणारे रेणू साठतात, तोंडाची चव जाते. भूक वाढवणारं घ्रेलिन रक्तात वाढलेलं दिसतं, पण त्यातला बहुतेक भाग निष्क्रिय रूपाचा असतो, कारण त्याच्या रेणूला जोडलेलं मेदाम्लाचं शेपूट गळालेलं असतं. परिणाम काय, तर माणसं नकळत कमी खाऊ लागतात. १९९५ च्या एका अभ्यासात कोणतंही पथ्य न सांगितलेल्या रुग्णांचं रोजचं प्रथिन मोजलं. गाळण ५० च्या वर असताना ते किलोमागे सुमारे १ ग्रॅम होतं, आणि १० च्या खाली गेल्यावर ०.५४. 'मी तर मोजूनमापून खातो, आपोआपच कमी जातं' असं समाधानाने सांगणाऱ्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाकडे म्हणूनच जास्त लक्ष द्यायचं.

जाता जाता, कारण ते फार सुंदर आहे: बार्डेट-बीडल या दुर्मीळ आनुवंशिक आजारात लठ्ठपणा आणि किडनीचा आजार एकत्र येतात. दोष पेशींवरच्या केसासारख्या सूक्ष्म तंतूंशी निगडित असतो. ते तंतू किडनीच्या नळ्यांत असतात, तसेच भूक सांभाळणाऱ्या चेतापेशींवरही. एमसी-४ ग्राही चेतवणारं सेटमेलॅनोटाइड हे औषध २०२२ पासून अमेरिकेत या आजारातल्या लठ्ठपणासाठी मान्य आहे. तुमच्याशी याचा संबंध नाही.

आता तुम्ही वाचलेला विरोधाभास. डायलिसिसवर जास्त बीएमआय असणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसतं, हे बऱ्याच नोंदींत आढळलंय. पण तिथले बारीक रुग्ण बारीक का आहेत ते पाहा. त्यांच्यातल्या अनेकांची भूक गेलेली आहे, दाह आहे, स्नायू झिजलेत, हृदय थकलंय. त्यांचा मृत्यू या झिजेशी बांधलेला असतो. शिवाय तो रुग्ण एक-दोन वर्षांत कशाने जाईल याचा हिशेब आहे, आणि तुमचा प्रश्न पुढच्या वीस वर्षांत किडनी टिकेल का हा आहे. डायलिसिसवर साठा कामी येतो म्हणून आज साठा राखून डायलिसिसच्या वाटेला लागायचं, हा व्यवहार तोट्याचा आहे. मात्र एवढं त्यातून जरूर घ्या की स्नायू गमावून उतरवलेलं वजन तुम्हाला पुढे महागात पडेल.

म्हणून मोजमाप. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. वजन उतरवताना स्नायू गेले तर किडनी होती तिथेच असूनही क्रिएटिनिन घटतं. तुमचं १.६ वरून १.४ झालं तर त्याच सूत्राने ईजीएफआर ५३ वरून ६२ होईल. अहवाल पाहून घरात आनंदीआनंद होईल आणि प्रत्यक्षात किडनीत काहीच सुधारलेलं नसेल. याच्या उलटही होतं. चरबी उतरली, अतिगाळण थांबलं, तर खरं गाळण थोडं खाली येतं. मगाचे १४५ आणि ११० आठवा. तेव्हा आकडा घसरलेला दिसतो, पण गाळण्यांवरचा ताण कमी झालेला असतो. एकच अहवाल दोन्ही दिशांनी फसवू शकतो.

उपाय म्हणजे वजन उतरवायला लागण्याआधी एकदा सिस्टॅटिन-सी (किडनी गाळते असं रक्तातलं एक छोटं प्रथिन) तपासून घ्या आणि क्रिएटिनिन व सिस्टॅटिन-सी दोन्ही धरणाऱ्या सूत्राने ईजीएफआर काढून घ्या. सहा महिन्यांनी परत तेच. सिस्टॅटिन-सी स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. तेही अगदी निर्दोष नाही. लठ्ठपणा, दाह, स्टेरॉइड आणि थायरॉइडचे विकार यांनी ते हलतं. पण दोघांची चूक वेगवेगळ्या बाजूला होते, म्हणून जोडी चांगली.

दुसरं, ईजीएफआर हा १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाच्या शरीरासाठी दिलेला असतो. तुमचा पृष्ठभाग काढा: उंची गुणिले वजन, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. १७२ गुणिले १०८ म्हणजे १८,५७६, भागिले ३६०० म्हणजे ५.१६, वर्गमूळ २.२७. आता ५३ ला २.२७ ने गुणून १.७३ ने भागा: सुमारे ७०. तुमच्या दोन किडन्या मिळून मिनिटाला प्रत्यक्ष ७० मिली गाळतात. आजाराचा टप्पा ५३ वरूनच ठरवायचा, पण काही औषधांची मात्रा ठरवताना हा ७० उपयोगी पडतो.

तिसरं, लघवीचं गुणोत्तर. ४८० म्हणजे १ ग्रॅम क्रिएटिनिनमागे ४८० मिलीग्रॅम अल्ब्युमिन. तुमच्यासारख्या मोठ्या देहाच्या माणसाच्या लघवीतून दिवसाला २ ग्रॅम क्रिएटिनिन जात असेल, तर प्रत्यक्ष अल्ब्युमिन ९६० मिलीग्रॅम झालं. स्नायू झिजून क्रिएटिनिन १.६ ग्रॅमवर आलं आणि अल्ब्युमिन तेवढंच राहिलं, तर गुणोत्तर ६०० दिसेल आणि आजार वाढला असं वाटेल. म्हणून सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी २४ तासांची लघवी गोळा करा. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची डब्यात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची शेवटची डब्यात. बहुतेक जण पहिली लघवीही डब्यात घालतात आणि सगळा हिशेब फुगतो.

त्याच डब्यातून आणखी दोन गोष्टी फुकट कळतात. सोडियम मिलीमोलमध्ये येतं, त्याला १७ ने भागलं की दिवसाचं मीठ ग्रॅममध्ये. १७० आलं तर १० ग्रॅम मीठ, जे ५ ग्रॅमच्या मर्यादेच्या दुप्पट आहे. आणि युरिया नायट्रोजनवरून रोजचं प्रथिन: नायट्रोजनचे ग्रॅम अधिक वजनाच्या किलोमागे ०.०३१, या बेरजेला ६.२५ ने गुणायचं. वजन मी समायोजित घेतो, प्रत्यक्ष घेतलं तर उत्तर फुगतं. समायोजित म्हणजे उंचीप्रमाणे बीएमआय २५ चं वजन, तुमच्यासाठी ७४ किलो, त्यात जादा ३४ किलोचा चौथा हिस्सा मिळवायचा. झाले ८२.५. नायट्रोजन ११ ग्रॅम आला तर प्रथिन साधारण ८५ ग्रॅम.

तुम्हाला किती हवं? डायलिसिस नसलेल्या, या टप्प्यातल्या किडनीच्या आजारात रोज किलोमागे ०.८ ग्रॅम. ८२.५ ला तेवढ्याने गुणलं तर ६६ ग्रॅम. १०८ ने गुणलं तर ८६ येतात, ते जास्त. वजन घटवण्यासाठी सांगितले जाणारे भरपूर प्रथिनांचे आहार आणि पावडरी तुमच्यासाठी नाहीत. पण भीतीपोटी ४० ग्रॅमवरही येऊ नका. इंजेक्शन सुरू झाल्यावर ही चूक हमखास होते: भूक अर्धी, ताट अर्धं, प्रथिनही अर्धं. जेवण कमी होणार असेल तर ताटात आधी प्रथिनाचा पदार्थ संपवायचा, बाकीचं पोटात जागा राहिली तर.

स्नायूंसाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम. चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. मोजायला महागडं यंत्र नको. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ताकद कमी पडतेय. पकड मोजण्याचं साधन मिळालं तर पुरुषासाठी २७ किलोखालची पकड कमजोर धरतात. दर महिन्याला वजनाशेजारी हे दोन आकडे लिहा. वजन उतरतंय आणि हे दोन्ही टिकून आहेत, म्हणजे जातेय ती मुख्यतः चरबी. वेग आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. सहा महिन्यांत ५ ते १० किलो पुरे.

आता इंजेक्शन. तुमच्या वर्णनावरून ते सेमाग्लुटाइड असावं, तसं धरून लिहितो. जेवणानंतर आतडं जीएलपी-१ नावाचं हॉर्मोन सोडतं, ते रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं. हे औषध त्याचीच टिकाऊ नक्कल आहे, आठवडाभर पुरते. जठर सावकाश रिकामं होतं आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप लवकर जातो. लेप्टिनला बहिरा झालेला मेंदू हा निरोप मात्र ऐकतो, हीच यातली खुबी.

तुमच्याशी थेट लागू पडणारा पुरावा म्हणजे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेली फ्लो चाचणी. मधुमेह आणि किडनीचा आजार असलेले ३,५३३ रुग्ण, आठवड्याला १ मिलीग्रॅम सेमाग्लुटाइड किंवा नुसतं दिसायला तसं इंजेक्शन. किडनी निकामी होणं, गाळण कायमचं निम्म्यावर येणं, किडनी किंवा हृदयविकाराने मृत्यू, या सगळ्यांचा मिळून धोका २४ टक्क्यांनी घटला. ईजीएफआर ५० ते ७५ आणि गुणोत्तर ३०० च्या वर हा त्या चाचणीत प्रवेशाचा एक निकष होता. तुम्ही त्यात बसता. मधुमेह नसता तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं.

मात्रा चढवण्याची रीत अशी: ४ आठवडे ०.२५, ४ आठवडे ०.५, मग १ मिलीग्रॅम. पहिली मात्रा वजनासाठी नसतेच, ती पोटाला सवय लागावी म्हणून असते. 'महिना झाला, काहीच फरक नाही' म्हणून घाईने वाढवली की उलट्या सुरू होतात, आणि तुमच्या किडनीला खरा धोका औषधाचा नाही, त्या उलट्यांचा आहे. उलट्या-जुलाबाने पाणी कमी पडलं आणि त्यातच रक्तदाबाची, लघवी वाढवणारी औषधं चालू राहिली, तर क्रिएटिनिन दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतं. म्हणून आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या की पाणी पोटात ठरत नसेल त्या दिवशी कोणत्या गोळ्या थांबवायच्या. सहसा त्यात रक्तदाबाची एसीई किंवा एआरबी गटाची गोळी, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन आणि साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी एसजीएलटी-२ गटाची गोळी येते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी वेदनाशामकं तर एरवीही टाळायचीच. खाणंपिणं सुरळीत झाल्यावर २४ ते ४८ तासांत त्या परत सुरू. परत सुरू करायला विसरणं हीदेखील नेहमीची चूक.

सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. साखर झपाट्याने उतरली की आधीपासून असलेला पडद्याचा त्रास काही काळ वाढू शकतो. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटाची गोळी चालू असेल तर तिची मात्रा घटवावी लागते, नाहीतर भूक कमी आणि औषध तेवढंच, या फटीत साखर कोसळते. स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला असेल, किंवा घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल, तर ते आधी सांगा.

तुम्ही एसजीएलटी-२ गटाच्या गोळीबद्दल काही लिहिलेलं नाही. चालू नसेल तर विचारा. ती मीठ-मोजणाऱ्या पेशींपर्यंत पुन्हा मीठ पोचवते, त्यामुळे सैल पडलेली वाहिनी आवळते, म्हणजे वर सांगितलेल्या बिघाडावर नेमकं बोट. सुरू केल्यावर ईजीएफआर थोडा खाली येतो तो याचमुळे. घसरण ३० टक्क्यांच्या आत असेल तर गोळी बंद करायची नसते. आणि वजन उतरेल तसा रक्तदाबही उतरतो. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली तर लघवीची गोळी कमी करण्याची वेळ झाली.

शस्त्रक्रियेबद्दल थोडंच, कारण तुम्ही विचारलेलं नाही. बीएमआय ३५ च्या वर आणि मधुमेह, म्हणजे तुम्ही निकषात बसू शकता. पण आतड्याला वळसा देणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून ठेवते, मोकळं राहिलेलं ऑक्झलेट रक्तात शोषलं जातं आणि किडनीत खडे किंवा थेट इजा करतं. चरबी शोषू न देणाऱ्या ऑरलिस्टॅट गोळीतही हाच धोका आहे. ती दुकानातून परस्पर आणून घेऊ नका.

राहिला प्रश्न भुकेच्या दोन चेहऱ्यांचा, म्हणजे औषधाने गेलेली भूक आणि आजाराने गेलेली भूक वेगळी कशी ओळखायची. औषधाची भूक लवकर मिटते, पण पहिल्या घासाला चव असते. त्रास मात्रा वाढवल्यानंतरच्या दिवसांत जास्त, मग ओसरतो. वजन उतरतं, ताकद राहते. आजाराची भूक आधी चवीवर घाला घालते: तोंडाला धातूसारखी चव, अन्नाचा वास नकोसा, सकाळी मळमळ, अंगाला खाज, दिवसा पेंग. अन्नावरची वासनाच उडते, विशेषतः प्रथिनाच्या पदार्थांवरची. आणि काटा इथे दगा देतो, कारण मांस झडतं त्या जागी पाणी भरतं. वजन तेवढंच राहतं, पण दंड सैल पडतात आणि पायांवर बोट दाबलं की खळगा राहतो. डायलिसिसवर तर ड्राय वेट (जादा पाणी काढून टाकल्यावरचं ठरवलेलं वजन) महिनोन्महिने न बदलता हा प्रकार चालू राहतो.

ईजीएफआर ५३ असताना ही दुसऱ्या प्रकारची लक्षणं यायला नकोत. तरी आली, तर ती किडनीच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नका. दुसरं कारण शोधायला हवं. आणि इंजेक्शन चालू असताना ३ महिन्यांत ५ किलोपेक्षा जास्त गेलं आणि सोबत खुर्चीतून उठण्याचे सेकंद वाढले, तर पुढची मात्रा चढवू नका, आहे तिथेच थांबा, प्रथिनाचा हिशेब परत करा. आठवडाभर रोजचं प्रथिन ५० ग्रॅमच्या खाली राहत असेल तर मात्रा एक पायरी उतरवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.